मूल झालं ना, मग आता जा

२०२४ च्या नोव्हेंबरात रोहित शर्मा पर्थच्या कसोटीत खेळला नाही. १५ तारखेला त्याला दुसरं अपत्य झालं, २२ तारखेला सामना सुरू होणार होता आणि कर्णधार घरी थांबला. मधल्या आठवड्यात टीव्हीवर, लोकलमध्ये, ऑफिसात डबे उघडताना एकच वाक्य कानावर येत होतं: मूल झालं ना, मग आता जा. सौरव गांगुलीसारख्या माजी कर्णधारानेही त्याच अर्थाचं बोलून दाखवलं. मुलगा झालाय, आता त्याने निघावं, मी त्याच्या जागी असतो तर गेलो असतो. भारताने तो सामना २९५ धावांनी जिंकला आणि वाद मिटला. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही. बाळ सात दिवसांचं आहे, आईला धड उठून बसवत नाही, दर दोन-अडीच तासांनी झोप मोडते आहे, आणि आपण सगळे मिळून बापाला सांगतो आहोत की तुझं काम झालं.

क्रिकेटच्या निमित्ताने हा वाद दर काही वर्षांनी निघतो. २०१५ च्या विश्वचषकासाठी महेंद्रसिंह धोनी ऑस्ट्रेलियात होता तेव्हा त्याला मुलगी झाली. देशाचं काम आधी, बाकी सगळं थांबू शकतं, असं तो म्हणाला आणि त्याचं कौतुक झालं. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला संघ ३६ धावांत गारद झाला आणि विराट कोहली बाळंतपणासाठी घरी परतला, तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याच वेळी कपिल देव यांनी आठवण करून दिली, की सुनील गावसकरांनी आपल्या मुलाला जन्मानंतर कित्येक दिवस पाहिलंही नव्हतं. १९७६ साली ते न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीजच्या लांबलचक दौऱ्यावर होते. त्याच २०२० च्या दौऱ्यात आणखी एक बाप होता, त्याच्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. टी. नटराजनची मुलगी आयपीएलच्या हंगामात जन्मली. नेटमध्ये गोलंदाजी करण्यासाठी निवडलेला हा मुलगा तिला न पाहताच ऑस्ट्रेलियाला गेला आणि जानेवारीत घरी आला. कर्णधाराला जे मागता आलं, ते त्याला मागता येण्यासारखं नव्हतं. ही विषमता खुद्द गावसकरांनीच तेव्हा लिहून दाखवली होती.

या सगळ्या वादात एका बाजूने 'देश आधी' म्हटलं, दुसऱ्या बाजूने 'तो आयुष्यातला हळवा क्षण असतो' म्हटलं. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे: मूल होणं हा एका दिवसाचा प्रसंग आहे आणि बाप त्या प्रसंगाचा साक्षीदार. साक्षीदाराने किती वेळ थांबावं, एवढाच मग भांडणाचा विषय उरतो.

माझं म्हणणं असं, की बाप जन्माच्या दिवशी होत नाही. तो पुढच्या शे-दोनशे दिवसांत, लंगोट बदलताना, तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना, रडणं भुकेचं आहे की पोटदुखीचं हे चुकत-चुकत ओळखायला शिकताना होतो. ते दिवस आपण पुरुषाकडून काढून घेतले आहेत. कायद्याने, रिवाजाने, नोकरीने आणि बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या सोयीनेही. मग तोच पुरुष दहा वर्षांनी घरात परका होतो, तेव्हा त्याच्या अबोल कष्टांवर आपण हळहळतो. बापाला पगारी रजा हवी, ती त्याच्याच नावावर राखून ठेवलेली हवी, आणि त्या रजेत त्याने घरात खरोखर राबायला हवं. यातली पहिली गोष्ट सरकारने करायची आहे. शेवटची कोणतंही सरकार करू शकत नाही, म्हणून हा लेख.

सगळ्यात मोठा आक्षेप मला माझ्याच घरातून येतो, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. माझे वडील चाकरमानी. परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. आम्ही गावाला, रत्नागिरी जिल्ह्यात. ते गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, रजा मिळाली तर मे महिन्यात चार दिवस. एरवी यायची ती मनीऑर्डर, आणि तिच्या चिठोरीवर दोन ओळी: 'पैसे पाठवले आहेत. मुलांचा अभ्यास घेणे.' आम्ही त्यांना 'दादा' म्हणायचो, कारण काका त्यांना दादा म्हणायचे. वीस-बावीस माणसांच्या गाळ्यात, पाळीपाळीने वळकटी पसरून झोपणारा, खाणावळीत जेवणारा, स्वतःसाठी वर्षात एक सदरा घेणारा माणूस महिन्याच्या महिन्याला गावी पैसे पाठवतो, हे प्रेम नाही तर काय? कमावणं हे बापपण नाही असं जो म्हणेल, त्याने तो गाळा पाहिलेला नाही. कोकणातल्या, साताऱ्याच्या, घाटावरच्या हजारो घरांची चूल दूर राहणाऱ्या बापांनी पेटती ठेवली. त्यांच्याविषयी कुत्सितपणे बोलणाऱ्याशी मी वाद घालायलाही तयार नाही.

पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काही महिने वाट पाहून दादा गावी आले आणि राहिले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पहिले पंधरा दिवस सणासारखे गेले. मग आम्हा भावंडांना एक प्रश्न पडू लागला, तो आम्ही एकमेकांना बोलूनही दाखवला: हे परत कधी जाणार? ते ओटीवर बसले की आम्ही मागच्या दाराने बाहेर पडायचो. त्यांना माझी इयत्ता ठाऊक होती, मला कशाची भीती वाटते ते ठाऊक नव्हतं. धाकटीला रात्री दचकून उठायची सवय होती. ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर किंचाळून उठली, तेव्हा ते तिच्या अंथरुणाशी नुसते उभे राहिले. जवळ जावं की आईला उठवावं, हे त्यांना कळेना. त्या रात्रीचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. गुन्हा त्यांचा नव्हता, आमचाही नव्हता. पण प्रेम असून ते पोहोचवायची वाट तयार झालेली नव्हती आणि ती वाट पैशाने तयार होत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. बाप म्हणजे फणस, बाहेरून काटेरी आणि आतून गोड, असं आपण कौतुकाने म्हणतो. ज्या मुलाला काट्यांच्या आत हात घालायची संधीच मिळाली नाही, त्याने गऱ्यांची गोडी ओळखायची कशी?

दुसरं म्हणणं रिवाजाचं आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपलं की मुलगी आईकडे जाते. सव्वा महिन्याने, कुठे तिसऱ्या, कुठे पाचव्या महिन्यात बाळाला घेऊन सासरी येते. यामागे फार मोठं शहाणपण आहे. सासरी जिला पहाटे उठून पाणी तापवावं लागलं असतं, तिला माहेरी शेकशेगडी मिळते, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर मिळते, तेल लावून घेता येतं, आणि मुख्य म्हणजे कोणाची भीड न ठेवता दिवसा झोपता येतं. ज्या काळात बाईला विसाव्याचा दुसरा कोणताही हक्क नव्हता, त्या काळात बायकांनी बायकांसाठी राखलेली ही रजा होती. ती मोडा असं मी म्हणणार नाही.

मात्र या व्यवस्थेत बाप कुठे आहे? तो रविवारी येतो. जावई म्हणून येतो, म्हणजे त्याच्यासाठी वेगळं ताट वाढलं जातं, मेहुणी चहा आणते, आणि बाळ दुपट्यात गुंडाळून दोन मिनिटं त्याच्या मांडीवर ठेवलं जातं. रडलं की कोणीतरी चटकन उचलून नेतं. बारशाला पाळण्याभोवती बायका उभ्या राहतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवतात, आत्या कानात नाव सांगते. बाप बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना पेढे वाटत असतो. माझ्या मुलीच्या वेळी मी हेच केलं. चांदीचे वाळे घेऊन सांगलीला गेलो, पेढे वाटले, संध्याकाळच्या गाडीने परतलो. चार महिन्यांनी ती घरी आली तेव्हा तिची आई सगळ्यात तरबेज झालेली होती आणि मला तिला नीट धरताही येत नव्हतं. मी उचललं की ती रडायची, रडली की मी घाबरून बायकोकडे द्यायचो. महिन्याभरात घरात एक समज पक्का झाला, की 'यांना जमत नाही'. पुरुषांना जमत नाही हा निष्कर्ष आपण अशाच परीक्षेतून काढतो, जिचा अभ्यास त्यांना करूच दिलेला नसतो. माहेर राहू द्या. बापाने तिथे जावई म्हणून न जाता घरचा माणूस म्हणून महिनाभर राहायला जावं, एवढंच तर करायचं आहे. त्याला लाज कसली?

लाज मात्र आहे आणि ती जुनी आहे. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल कडेवर घेणं बेशरमपणाचं मानलं जाई. भावाचं मूल घेतलेलं चाले, बहिणीचं चाले, स्वतःचं नाही. आपलं मूल रडत असताना दुसरीकडे पाहत बसलेल्या तरुण बापांच्या आठवणी जुन्या पिढीतल्या कोणालाही विचारा. त्या पुरुषांना माया नव्हती असं नाही, ती दाखवायची सोय नव्हती. म्हणजे ज्याला आपण पुरुषाचा स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग घरातल्या शिस्तीचा होता.

राहिला निसर्ग. दूध आईलाच येतं, हे कोण नाकारील? पण बाळ चोवीस तास दूध पीत नसतं. त्याची ढेकर काढायची असते, त्याला न्हाऊ घालायचं असतं, झोळी हलवायची असते, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी टोचून आणायच्या असतात आणि त्या रात्री येणाऱ्या तापाकडे लक्ष ठेवायचं असतं. यातल्या कोणत्या कामाला स्तन लागतात? कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून कमी वजनाची बाळं उघड्या छातीशी धरून ठेवायची 'कांगारू मदर केअर' ही पद्धत सुरू झाली. आज ती जगभर आहे, आपल्या रुग्णालयांतही आहे. तिच्या नावात 'मदर' असलं तरी बापाच्या छातीचीही ऊब बाळाला चालते, डॉक्टर ती घ्यायला लावतात. फिलिपिन्समधल्या सेबू इथे सहाशेहून अधिक तरुणांच्या लाळेतल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची काही वर्षांच्या अंतराने तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बाप झालेल्यांमध्ये त्याची पातळी लक्षणीय उतरली होती. जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाची देखभाल करत होते, त्यांच्यात ती आणखी कमी होती. पुरुषाचं शरीरसुद्धा बाळाला उत्तर देतं. मग निसर्गाच्या नावावर आपण कोणाची सोय पाहतो आहोत?

आता कायद्याकडे येतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याने मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असा क्रम लावला. हा 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात स्पष्ट करावं लागलं. त्याच कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे, असंही लिहिलं आहे. मालकी बापाकडे, सांभाळ आईकडे! महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, असा क्रम ठरवला, तेव्हा काही पुरुष दुखावले. त्यांचं दुखणं मला कळतं. बापाने मुलाला दिलेली सर्वांना दिसणारी गोष्ट म्हणजे नाव, तेच मागे सरकलं. पण ज्याच्याकडे मुलाच्या शंभर आठवणी आहेत, त्याला नावाच्या क्रमाने काय फरक पडतो?

रजेचे नियम त्याच मुशीतले आहेत. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. मुलाच्या संगोपनासाठी स्त्री कर्मचाऱ्याला सबंध नोकरीत ७३० दिवसांची रजा आहे. ती पुढे पुरुषालाही दिली, पण तो विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित पालक असेल तरच. बायको हयात आणि घरात असेल तर बापाने मूल सांभाळायचं कारणच काय, असा त्याचा सरळ अर्थ होतो. २०१७ मध्ये प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, ते चांगलंच झालं. बापासाठी त्या दुरुस्तीत एक दिवसही नव्हता. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. पंधरा दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय, असंघटित क्षेत्रालाही त्यात घेण्याचा विचार. ते मंजूर झालं नाही. मराठवाड्यातल्या एका तरुण खासदाराला हे सुचलं होतं, हे आपल्या चर्चांमध्ये कोणाला आठवतही नाही, याचं मला वाईट वाटतं.

'रजा देऊन काय होणार? तो झोपा काढील, क्रिकेट बघील.' हे बायकाच जास्त म्हणतात आणि अनुभवाने म्हणतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला हात लावणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. आणि दिवसभरात एकदा तरी हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस. अशा पुरुषाला महिनाभर घरी बसवणं म्हणजे बाळंतिणीला आणखी एक माणूस जेवू घालायला लावणं, ही भीती खरी आहे. याहून गंभीर भीती मारझोड करणाऱ्या नवऱ्याची आहे. अशा घरातल्या बाईला माहेरचे चार महिने हाच श्वास असतो, तिथे बापाला धाडायचा आग्रह कोणीही धरू नये. पण उरलेल्या घरांचं काय? जपानमध्ये बापाला जवळजवळ वर्षभराची रजा कायद्याने आहे, तरी २०१९ पर्यंत दहांतला एकही बाप ती घेत नव्हता. साहेब काय म्हणतील, सहकारी काय म्हणतील! स्वीडनमध्येही १९७४ मध्ये रजा आई-बाप दोघांची केली, तेव्हा ती बहुतेक आईच घेत राहिली. नॉर्वेने १९९३ मध्ये आणि स्वीडनने १९९५ मध्ये एक महिना फक्त बापासाठी राखून ठेवला, त्याने नाही घेतला तर बुडाला, आणि मग चित्र बदलू लागलं. पुरुषाला 'मला घ्यायची आहे' म्हणायला संकोच वाटतो. 'बुडते आहे, घ्यावीच लागेल' हे तो साहेबांसमोर सहज म्हणतो. माणसाच्या मनाची ही अडचण ओळखून कायदा करता येतो.

खर्च कोण देणार, हाही प्रश्न रास्त आहे. सव्वीस आठवड्यांचा पगार मालकावर टाकल्यामुळे लग्नाच्या वयाची मुलगी नोकरीला घेताना छोटे मालक बिचकतात, हे कोणत्याही मुलाखतीला जाऊन आलेली मुलगी सांगेल. पण त्याचं एक उत्तर बापाच्या रजेतच आहे: मूल झालं की दोघंही रजेवर जातात असं असेल, तर एकट्या मुलीला टाळून मालकाचं काय साधणार? आणि दुसरं उत्तर मुंबईने जवळपास शंभर वर्षांपूर्वी ऐकलेलं आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हे राष्ट्राचं हित असल्याने त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी भूमिका मांडली होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. कर्मचारी विमा योजनेत मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून प्रसूतीचा खर्च निघतोच आहे. बापासाठी तसा निधी उभा राहू शकत नाही, असं मानायला मला कारण दिसत नाही.

इथे एका आक्षेपापुढे मी खरोखर अडतो. आपल्याकडचे बहुतेक बाप कोणत्याही रजेच्या कक्षेत नाहीत. रिक्षावाल्याला, गवंड्याला, हमालाला रजा म्हणजे त्या दिवशीची चूल बंद. बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या भाषेत 'एक कोयता' असते. उचल घेतलेली असते, बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं. तिथे बाप दिवसभर मुलापासून वीस पावलांवर आहे आणि तरी त्याला ते घेता येत नाही, आईलाही येत नाही. त्यांच्यापुढे पितृत्व रजेची गोष्ट काढायला मला संकोच वाटतो. पण १९२९ चा कायदाही कारखान्यांतल्या मूठभर बायकांपुरताच होता. तिथून सुरुवात झाली म्हणून आज असंघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये देणारी मातृवंदना योजना आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मान्य झालं. बापाच्या बाबतीत तत्त्वही मान्य झालेलं नाही.

'बाप मित्र झाले म्हणून पोरं बिघडली, धाक हवा' असं म्हणणाऱ्यांना मी थोडक्यात उत्तर देतो. गोविंदराव फुल्यांनी लोकांच्या दबावाने मुलाला शाळेतून काढलं, पुढे हितचिंतकांच्या सांगण्यावरून परत घातलं, आणि १८४९ मध्ये पुन्हा लोकांच्याच दबावाने मुलाला आणि सुनेला घराबाहेर जायला सांगितलं. त्यांना दुष्ट म्हणण्याचं कारण नाही, ते घाबरलेले बाप होते. त्या जोतीरावांनी पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, वाढवला, मृत्युपत्रात त्याचा हक्क लिहून ठेवला. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रुग्णांसाठी उभा राहिला. रक्ताचं नातं नव्हतं, धाकाचंही नव्हतं. आणि सुभेदार रामजी सकपाळ? कडक शिस्तीचा लष्करी माणूस. पण मुलाने लवकर झोपावं आणि पहाटे दोनला उठून अभ्यास करावा, म्हणून स्वतः जागून त्याला उठवणारा बाप. पुस्तकांसाठी लेकींकडे जाऊन दागिने मागून आणणारा. त्यांच्या शिस्तीचा उल्लेख सगळे करतात. ती शिस्त चालली, कारण तिच्याबरोबर बापही जागा होता.

हे सगळं परकं आहे, पाश्चात्त्यांचं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांना आपल्याच परंपरेतल्या दोन गोष्टींची आठवण करून द्यायची आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बायको पाण्याला गेली, बाळाकडे लक्ष ठेवा म्हणाली. गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवत होते, बाळ रांगत आलं आणि पायाखाली गेलं. कथेत पुढे विठ्ठल ते परत देतो. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून रंगते आणि मी तिचा मान ठेवतो. पण तिच्या मध्यभागी एक आई घागर घेऊन परत येते आणि तिने मूल ज्याच्यावर सोपवलं होतं तो तिथे असूनही तिथे नसतो. इतक्या शतकांपूर्वी कोणाला तरी हे दिसलं आणि त्याने ते सांगून ठेवलं. दुसरी गोष्ट जनाबाईंची. त्यांच्या अभंगातला विठोबा लेकुरवाळा आहे. एक खांद्यावर, एकाचा हात धरलेला, एक कडेवर, एकाने करंगळी धरलेली, आणि हेच गोरोबा त्याच्या मांडीवर. दळणकांडण करणाऱ्या एका बाईला देव पाहावासा वाटला तो पोरांनी वेढलेल्या पुरुषाच्या रूपात. त्या देवाला आपण 'माउली' म्हणतो आणि त्यात कोणालाही त्याचा पुरुषपणा कमी झालेला दिसत नाही. घरातल्या पुरुषाला तेवढी मोकळीक का नको?

माझा मुलगा झाला तेव्हा सासूबाई आजारी होत्या, माहेर शक्य नव्हतं. मी साठवलेली सगळी रजा लावून पाच आठवडे घरी राहिलो. पहिला आठवडा भयंकर होता. दुसऱ्यात मला रडण्याचे प्रकार कळू लागले. दादा तेव्हा आमच्याकडेच होते, सत्तरीला टेकलेले. मी पायांवर आडवं घेऊन बाळाला न्हाऊ घालायचो तेव्हा ते दारात उभे राहून बघायचे, काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना हे आवडत नसावं. एके सकाळी मी टॉवेल घ्यायला वळलो तर ते आत आले होते, पाटावर बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. हात पुढे करून म्हणाले, "दे बघू. पण मान कशी धरायची ते आधी सांग."